सेन्सरवरचं सील

ठाण्यातल्या बाळकुमच्या नयनने सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला गॅरेजातून काढलं, आणि तेही चोर ठरवून. जावईमाणसाला असं दारातून घालवलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. लोक म्हणाले, जमिनीचं काहीतरी असेल, वाटणीचं असेल. कसलं जमिनीचं न् कसलं वाटणीचं! सगळं झालं ते बोटभर लांबीच्या एका सेन्सरपायी, आणि नौपाड्याच्या प्रभाकररावांच्या डोक्यातल्या किड्यापायी. सेन्सर बिचारा मुका. किड्याचं मात्र ऐकण्यासारखं आहे.

प्रभाकरराव वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उमेदीची सगळी वर्षं कल्याणच्या बाजारात गेली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेली वजनं, वरून नवा पत्रा मारलेली मापं, काय म्हणून बघायचं बाकी राहिलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो. बाजारात कुणाचा कपभर चहा प्याला नाही. पण नोकरी संपली तरी नजर काही निवृत्त झाली नाही. घरात सिलिंडर आला की आधी काट्यावर चढायचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर, पाण्याच्या मीटरवर, दुरुस्तीला जाणाऱ्या मिक्सरच्या स्क्रूवर प्रभाकररावांचं सील असायचं. कधी लाख, कधी रंगाचा ठिपका, आणि त्यात काडीने कोरलेला ‘प्र’. मिक्सर परत आला की भिंग घेऊन बसायचे. विनिताबाई म्हणायच्या, "माझ्या कपाळावर पण एक मारून ठेवा. माहेरी जाऊन बदलून आले तर कळायला नको?" यावर ते हसायचे नाहीत.

तर त्यांच्या आठ वर्षांच्या चंदेरी गाडीत स्पीडोमीटरशेजारी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. आणि दिव्याच्या जोडीला गाडी पेट्रोल प्यायला लागली. पेट्रोल कमी पडतंय म्हटल्यावर दुसऱ्या कुणी गाडी दाखवायला नेली असती. प्रभाकररावांनी आधी चोर शोधला. पंपवाला माप मारतो म्हणून पंप बदलला. मग वॉचमन नळी घालून काढतो म्हणून टाकीच्या झाकणावर कागदाची पट्टी डकवली. पट्टी जशीच्या तशी आणि काटा मात्र खाली. मागून धुराला कच्च्या पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा नाइलाजाने त्यांनी गाडी बाळकुमला नयनच्या गॅरेजात घातली.

नयन म्हणजे अस्सल आगरी गडी. आजा मिठागरावर राबला, बापाच्या भातशेतीवर टॉवर उभे राहिले, आणि उरलेल्या तुकड्यावर याने गॅरेज टाकलं. गळ्यात साखळी, आणि आवाज असा की बोलायला लागला की समोरच्या टॉवरमधल्या बायका खिडक्या लावून घेतात. हाताखाली मधु. मधु कल्याणचा, नयनच्या थोरल्या बहिणीचा, कल्पिताचा नवरा. त्याचा स्वतःचा धंदा बसला तेव्हा नयननेच त्याला इकडे आणलं होतं. हात सोन्याचा, पण जीभ महा वात्रट. गिऱ्हाइकाची चेष्टा केल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

नयनने स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली, इंजिन चालू ठेवलं आणि पडदा प्रभाकररावांसमोर धरला.

"ऑक्सिजन सेन्सर गेलाय काका. हा आकडा बघा. खालीवर नाचायला पायजे. धुरात हवा किती ते हा सेन्सर बघतो न् गाडीच्या मेंदूला सांगतो, मेंदू तेवढंच पेट्रोल सोडतो. हा आकडा तर बसलाय एका जागी. मेंदूला वाटतंय पेट्रोल कमी पडलं, तो आपला ओततोय, ओततोय."

"मशीन तुमचं, आकडाही तुमचाच," प्रभाकरराव म्हणाले.

बॉनेटमधून मधुने डोकं वर काढलं. "काका, तुमच्या गाडीला दमा झालाय. तिला पंप द्यायचा का खाडीची हवा?"

झालं! चेष्टा करणारा माणूस काहीतरी झाकत असतो, हा प्रभाकररावांचा बाजारातला पाठ. त्यांनी गाडी तशीच परत नेली आणि कल्याणला एका अनोळखी गॅरेजात दाखवली. तिथल्या स्कॅनरनेही तेच सांगितलं. दुसरा माणूस निर्धास्त झाला असता. प्रभाकररावांना वाटलं, सगळे एका माळेचे मणी! पण वासाने विनिताबाईंना गाडीत मळमळायला लागलं होतं. मुकाट्याने ते परत बाळकुमला आले आणि म्हणाले, बदला, पण माझ्या डोळ्यांदेखत.

मधु बाईक काढून कल्याणच्या त्याच्या नेहमीच्या दुकानातून नवा सेन्सर घेऊन आला. जुना गंजून बसला होता. त्यावर तेल मारलं, इंजिन थोडं तापवलं, वायरीसाठी एका बाजूने चिरलेला पाना घातला आणि जोर लावला तसा तो कर्रकन सुटला. नवा बसला, दिवा विझला. स्कॅनरवरचा आकडा खालीवर नाचू लागला. प्रभाकररावांनी जुना सेन्सर रुमालात बांधून घरी नेला. गाडी पूर्वीसारखी पळायला लागली आणि वासही गेला.

इथंच गोष्ट संपायची. पण दोन दिवसांनी गाडी पुन्हा नयनकडे क्लचच्या कामासाठी ठेवायची होती, आणि ते काम डोळ्यांदेखत होण्यातलं नव्हतं. आता गाडी गॅरेजवाल्यांच्या हातात दिवसभर. नवाकोरा सेन्सर काढून कुठला तरी मेलेला बसवला तर? प्रभाकररावांना जेवण गोड लागेना.

लाख तिथं टिकणार नाही, वितळेल, हे त्यांना कळत होतं. हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी गरमीला दाद न देणारी लाल गॅस्केटची पेस्ट आणली. भर दुपारी, सोसायटी वामकुक्षीत असताना, बॉनेट उघडलं. वायरी सेन्सरच्या अंगात जिथं शिरतात त्या टोकाला चहूबाजूंनी गच्च पेस्ट भरली. एवढीशी फट ठेवली नाही. वर काडीने ‘प्र’ कोरला. आता बदला म्हणावं, लेको!

क्लचचं काम झालं, गाडी घरी आली. सील शाबूत. प्रभाकररावांना खरं सांगायचं तर जरा चुकल्यासारखंच झालं. आणि मग पुढच्या आठवड्यात घोडबंदर रोडवर, विनिताबाईंच्या मावसबहिणीकडून येताना, दिवा पुन्हा लागला.

त्यांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं. सील जसंच्या तसं, ‘प्र’ सुद्धा स्वच्छ. म्हणजे सेन्सर कुणी बदलला नव्हता. म्हणजे काय? म्हणजे मुळातच नकली घातला होता! प्रभाकररावांना भर रस्त्यात भरभरून आनंद झाला. होय, आनंदच. संशय खरा ठरल्याचं सुख काही औरच असतं बघा.

घरी येऊन त्यांनी ब्लेडने ती पेस्ट खरवडून काढली, रॉकेलच्या बोळ्याने पुसली, मागमूस ठेवला नाही. खूण कुठे केली हे समोरच्याला कधी कळू द्यायचं नाही, खात्यात नव्या पोरांना ते हेच शिकवायचे. मग गाडी नयनच्या दारात नेऊन उभी केली.

"नकली माल घातलात."

नयनचा चेहरा पडला. त्याने स्कॅनर लावला. आकडा पुन्हा एका जागी बसलेला. "आईशपथ काका, कंपनीचा माल हाय. आपल्या गॅरेजात नकली पार्ट बसत नाय. एखादा पीस निघतो खराब. दुसरा टाकतो, तुमचं काय जात नाय."

"माल आणतं कोण?"

"भावोजी."

"कल्याणहून?"

"हो."

"कल्याणचा बाजार मी उभा-आडवा ओळखतो," प्रभाकरराव म्हणाले. जास्त बोलायची गरजच नव्हती. नयनने एकदा मधुकडे पाहिलं. मधु टायरवर बसून शीळ घालत होता.

दुसरा सेन्सर बसला. दुसऱ्या दुपारी प्रभाकररावांनी त्यावरही सील केलं, आधीच्यापेक्षा जाड. तुम्ही म्हणाल, आता कशाला? आता तर माल नकली निघाला होता ना, बदलायची भीती कुठली? अहो, सवयीला असला प्रश्न पडत असता तर काय हवं होतं! हाताला चाळा लागला होता, बस्स. आणि थोड्याच दिवसांत पिवळा दिवा पुन्हा लागला. त्यांनी पुन्हा सगळं खरवडलं, पुन्हा रॉकेलचा बोळा फिरवला आणि बाळकुम गाठलं.

या वेळी त्यांना काही बोलावंच लागलं नाही. मधे नयनच्या डोक्यात दिवसरात्र संशयाचं बी रुजत होतं. मधु हल्ली नवा फोन वापरतो, कल्याणला गेला की उशीर लावतो, हे त्याला आता दिसायला लागलं होतं. त्याने स्कॅनरचा पडदा पाहिला, वायर उपटून बाकावर टाकली आणि हाक मारली, "भावोजी, इकडे या."

मधु हात पुसत आला. "काय, काकांची गाडी पुन्हा खोकतेय?"

"दोन्ही पार्ट कुठून आणले?"

"कुठून म्हणजे? नेहमीच्या दुकानातून."

"खोटं नका बोलू. ओरिजिनलचं बिल दाखवता न् नकली आणता. घरचा माणूस म्हणून मी कधी विचारलं नाय, त्याचं हे फळ."

मधुची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "नयन... माझ्यावर? अरे, कल्पिताला विचार, मी कधी दुसऱ्याच्या टपरीवरची काडी उचलली का? खोल तो सेन्सर. दुकानात घेऊन चल. माल एक नंबर होता रे!"

"ताईला मधे नका आणू. उद्यापासून येऊ नका."

शिवी नाही, आरडाओरडा नाही. ‘येऊ नका’ असं मान देऊन बोलला, तेच जास्त लागलं. मधुने कुणाकडेही न पाहता बाईकला किक मारली. नयनने तो दुसरा सेन्सर पान्याने उपटला आणि भंगाराच्या ढिगात भिरकावला. पहिलाही आधीच भंगारवाल्याच्या पोत्यातून गेला होता. गाडी बिनसेन्सरची, तिथंच राहिली. प्रभाकरराव रिक्षाने घरी गेले आणि विनिताबाईंना सगळं रंगवून सांगितलं. चोर सापडला होता!

"आणि त्याची बायको?" विनिताबाईंनी विचारलं. "तिने आता नवऱ्याकडे बघायचं का भावाकडे? माहेर तुटलं की हो तिचं."

"चोराच्या बायकोने आधी विचार करायचा."

विनिताबाई उठून आत गेल्या.

आठवड्याने नयनचा फोन आला. तिसरा सेन्सर त्याने स्वतः, कंपनीच्या ठाण्यातल्या काउंटरवरून आणला होता. "तुमच्यासमोर खोका फोडणार काका. काकींना पण आणा, साक्षीदार." गॅरेजात मधुचा बाक रिकामा होता. नयनच सगळं करत होता, आणि मन कामात नव्हतं म्हणून जास्तच बोलत होता. विनिताबाई गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या. प्रभाकररावांच्या पँटच्या खिशात लाल पेस्टची ट्यूब होती. होय, याही वेळी!

नयनने खोका फोडला आणि सेन्सर त्यांच्या हातात दिला.

"बघा काका, पक्का माल. लोकांना वाटतं हा नुसता धूर हुंगतो. नाय. याला दोन नाकं. एक हे खालचं, धुरात. न् दुसरं वर, वायरी शिरतात ना, तिथनं बाहेरची हवा आत येते. बाहेरच्या हवेत किती ऑक्सिजन, धुरात किती, दोन्ही लावून बघतो. तेव्हा आकडा देतो."

प्रभाकरराव सेन्सर हातात धरून उभेच राहिले.

तराजू! हा तर तराजू होता. एका पारड्यात धूर, दुसऱ्यात बाहेरची हवा. आणि दुसरं पारडं कुणी बुजवलं होतं? एवढीशी फट न ठेवता, गच्च, वरून ‘प्र’ कोरून? वरची पेस्ट खरवडली तरी फटीत आत शिरलेली तिथंच राहिली होती. पारड्याला चिंच लावणारे कितीतरी त्यांनी पकडले होते, आणि इथं ते स्वतःच दोनदा भर दुपारी चोरासारखे वाकून चिंच लावून आले होते. सेन्सर अस्सल होते. मधुचा माल एक नंबर होता. ते टायरवर टेकले.

"काय झालं काका? पाणी देऊ?"

"नयन, ते दोन्ही सेन्सर मी मारले."

"काय?"

त्यांनी खिशातली ट्यूब काढली आणि सगळं सांगितलं. पेस्ट, दुपार, खूण, ब्लेड, रॉकेलचा बोळा. काही लपवलं नाही. इतक्या वर्षांत ते कुणासमोर इतकं भडाभडा बोलले नसतील. शेवटी म्हणाले, "मधुने काही केलं नाही. आत्ता फोन कर त्याला. माझ्यासमोर कर."

नयन ऐकत होता. आधी त्याचे डोळे मोठे झाले, मग हळूहळू बारीक झाले. ट्यूब त्याने हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली.

"अशा तीन माझ्या फळीवर हायत काका. दोन्ही वेळी सेन्सर मी बघितला, एकदा तर या हातांनी काढला. मला लाल टिपका दिसला नाय."

"मी खरवडलं म्हणून सांगतोय ना!"

"इतकं साफ?"

"इतकं साफ. माझा धंदाच होता तो." प्रभाकररावांचा आवाज चढला. "बरं, हा तिसरा घे. मी तुझ्यासमोर त्याला पेस्ट लावतो. गाडी फिरव. दिवा लागतो की नाही बघ."

"लागेल ना. पेस्ट लावली तर लागेलच. त्यानं आधीचे दोन कशानं गेले ते कुठं कळतं?"

नयनच्या जागी निरीक्षक असता तर त्यानेही हेच विचारलं असतं.

नयन गाडीच्या खिडकीशी वाकला. "काकी, खरं सांगा. ताई आलेली ना तुमच्याकडे?"

विनिताबाईंनी क्षणभर पदराशी चाळा केला. "आली होती रे. परवा. बिलावरचा पत्ता शोधत. घरात चूल पेटत नाही म्हणाली, तो जेवत नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून बसतो म्हणाली."

"बघा!" नयन सरळ झाला. आवाजात राग नव्हता, उलट थोडी मायाच होती. "तुम्ही मोठ्या मनाचे काका. तिचं रडणं बघून आळ अंगावर घ्यायला निघालात. पण चोरी ती चोरी. ताईचं मी बघीन, उपाशी ठेवणार नाय. भावोजी गॅरेजात नको."

"अरे, मला माहीतसुद्धा नव्हतं ती आल्याचं! मला कुणी काही सांगितलं नाही! नयन, खरं बोलतोय मी, विश्वास ठेव रे!"

आपलाच आवाज त्यांच्या कानावर आला. गल्ल्यामागे उभे राहून हात जोडणारे कितीक व्यापारी, अगदी याच सुरात. त्यांच्यातला एखादा खरा असेल का, हा विचार त्यांना आज पहिल्यांदा शिवला.

नयनने त्यांच्या हातातून सेन्सर अलगद काढून घेतला, बसवला, वायर जोडली. चावी फिरवली. पिवळा दिवा लागला नाही. स्कॅनरवर आकडा छान नाचत होता.

प्रभाकरराव पलीकडून जाऊन गाडीचं दार उघडून विनिताबाईंशेजारी बसले. "अगं, तू तरी सांग त्याला. चाळीस वर्षं ओळखतेस मला. मी सील केलं असेल की नाही? तुला तरी पटतंय ना?"

विनिताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या प्रेमाने त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"कल्पिता रडत होती तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत होतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दार उघडंच होतं. मला वाटलंच होतं, तुम्ही ऐकलं असणार. नयनला नाही पटलं तर जाऊ दे. मला मात्र आज फार बरं वाटलं हो. म्हटलं, चला, उभ्या जन्मात यांच्या तोंडून कुणासाठी तरी एक खोटं निघालं."

नयनने बॉनेट खाली टाकलं आणि गाडी बाहेर काढायला हात दाखवला.